घशाची गोळी आणि अब्बांचं हृदय

विक्रोळी पार्कसाईटहून एका भगिनीने विचारलं आहे: ‘अब्बांना हृदयविकार आहे. घसा धरला की घरात उरलेली ॲझिथ्रोमायसिनची गोळी घेतात. चालेल का?’

नाही चालणार. एक तर बहुतेक घसे विषाणूंमुळे धरतात, आणि त्यांच्यावर ही गोळी चालतच नाही. अब्बांना मिठाच्या गुळण्या द्या. तीन दिवसांत ताप उतरला नाही किंवा गिळता येईना, तर डॉक्टरांकडे न्या. जाताना हृदयाच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, ही माझी जुनी विनंती.

हृदयाचा ठोका विजेच्या लहानशा लाटेने पडतो. लाट ओसरली की हृदय पुढच्या ठोक्याला तयार होतं. ॲझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन ही औषधं या ओसरण्याला उशीर लावू शकतात. ईसीजीत तो ‘क्यूटी’ म्हणून मोजतात. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. पण हृदय आधीच दुखावलेलं असेल, लघवीच्या गोळीने किंवा जुलाबांनी पोटॅशियम उतरलं असेल, तर ठोका भलत्याच तालावर जाऊ शकतो. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातला अभ्यास २०१२ साली छापून आला. ॲमॉक्सिसिलिनशी तुलना करता ॲझिथ्रोमायसिनच्या दर दहा लाख कोर्समागे हृदयविकाराचे सुमारे ४७ मृत्यू जास्त आढळले. हृदयाचा धोका सर्वांत जास्त असलेल्यांत २४५. पुढच्याच वर्षी डेन्मार्कच्या तरुण आणि मध्यमवयीन लोकांत मात्र अशी वाढ दिसली नाही. म्हणजे प्रश्न गोळी कोण घेतो याचा आहे.

दुसरी गोष्ट पेशीच्या आतली. पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया हे फार पूर्वीच्या जिवाणूंचेच वंशज. जिवाणूवर रोखलेलं औषध कधी त्यांनाही लागतं. मग ऑक्सिजनचे उपद्रवी कण वाढतात आणि पेशीला आतून गंज चढल्यासारखं होतं. यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. बोस्टनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये सिप्रोफ्लॉक्सासिनसह तीन अँटिबायोटिक्सबाबत हे मानवी पेशींत आणि उंदरांत दाखवलं. हृदयाच्या स्नायूत मायटोकॉन्ड्रिया दाटीने असतात, म्हणून काळजी. पण उंदरावरून माणसाचा हिशेब मांडता येत नाही, आणि ‘अँटिऑक्सिडंट’ लिहिलेल्या महागड्या कॅप्सूल घेऊन हृदय वाचतं, याला आधार नाही. ते पैसे फळांवर घाला.

आता ज्यांच्या घरी औषधांना दाद न देणारा टीबी आहे, त्यांच्यासाठी. मुंबईत अशी घरं थोडी नाहीत. बेडाक्विलिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन, क्लोफाझिमिन ही तिन्ही औषधं क्यूटी लांबवतात, म्हणूनच उपचारापूर्वी आणि मधूनमधून ईसीजी काढतात. हे वाचून गोळ्या बंद करू नका. अर्धवट सोडलेला टीबी जास्त घातक. मजुरी बुडते म्हणून ईसीजीची तारीख मात्र टाळू नका. भोवळ आली, छाती धडधडू लागली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि टीबीची औषधं चालू आहेत हे पहिल्यांदा सांगा.