मोबाईल हिसकावू नका, विवेक शिकवा



१३ मे २०२३ च्या रात्री अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल पेटली. निमित्त समाजमाध्यमावरची एक पोस्ट. एक माणूस जिवानिशी गेला, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीनेही दगडफेक, संचारबंदी आणि बंद इंटरनेट अनुभवलं.

अशा प्रत्येक वेळी वस्तीतले आईबाप एकच धडा घेतात: पोट्ट्याच्या हातातला मोबाईल काढून घ्या. त्यांची भीती खोटी नाही. भडकाऊ मजकूर लिहिणारा कुठे बसलाय ते कळत नाही, पण तो फॉरवर्ड करणारं पंधरा वर्षांचं पोरगं आपल्याच गल्लीतलं असतं. सिम बापाच्या नावावर, म्हणजे पोलीस आधी बापाच्या दारात. मग मजुरी बुडवून ठाण्याच्या चकरा, वकिलाची फी, आणि पोराची दहावी वाऱ्यावर.

तरीही मोबाईल हिसकावणं हा उपाय नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मागच्या वर्षी अकरावीतल्या एका मुलीला कुणीतरी तिचाच बनावट अश्लील फोटो दाखवून धमकावत होतं. तीन महिने ती गप्प राहिली. घरी का सांगितलं नाहीस, असं विचारलं तेव्हा म्हणाली, "ताई, सांगतलं असतं तं मोबाईल गेला असता, मंग कॉलेज गेलं असतं, मंग पाव्हणे पाहाले आले असते." घरचा हा धाक धमकावणाऱ्याला पक्का ठाऊक होता. त्याच्याच जोरावर तो तिला छळत होता.

कायदा तर तिच्या बाजूने होता. अठरा वर्षांखालच्या मुलांना अशी धमकी देणं २०१२ च्या पोक्सो कायद्याने गुन्हा आहे. जबाब घरी घेता येतो, पोलिसांनी तेव्हा गणवेशात यायचं नसतं, मुलीची ओळख गुप्त ठेवावी लागते. मदतीला १०९८ आहे. घरात यातलं कुणालाच काही माहीत नव्हतं.

आणि मोबाईल काढून घेतला तर महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे भरणार? आपला आवाज मांडायला जागा नव्हती म्हणून बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला. आज ती जागा मुलांच्या हातात आहे. ती आपणच बंद करायची का?

काही कार्यकर्ते म्हणतात, अडाणी आईबाप काय शिकवणार? पण विवेकाला इंग्रजी लागत नाही. ऐकीव आहे, परंपरेने आलंय, गुरू सांगतो, एवढ्यावरून काही मानू नका, हेच तथागतांनी कालामांना सांगितलं. आईने इतकंच विचारावं: हे कुणी पाठवलं? त्याला कुठून कळलं? पुढे पाठवून कुणाचं भलं होणार? आणि एक वचन द्यावं: काहीही झालं तरी आधी मला सांग, मी मोबाईल काढून घेणार नाही.

मित्रांनो, लहान भावंडांना खोटं वय टाकून इन्स्टाग्राम उघडून देणारे आपणच. म्हणून ही जबाबदारीही आपलीच. जयंतीच्या डीजेसाठी घराघरांतून वर्गणी गोळा करतो, तशीच पालकांना हाक द्या. रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास बसवा. अकाउंट खाजगी कसं करायचं, ओटीपी का सांगायचा नाही, पैसे गेले तर १९३० वर लगेच फोन कसा करायचा, हे त्यांच्याच मोबाईलवर करून दाखवा.

पुढची पोस्ट येण्याआधी हे व्हायला हवं. सुरुवात आपल्या घरापासून करूया.

जय भीम! जय संविधान!