पहिला चीक वासराचा



ऊस विकास विभागाने वासरांवर लिहावे याचे कुणाला नवल वाटेल. पण गळिताच्या दिवसांत तुमसर-बपेरा रस्त्याने गटात फिरताना आम्हाला दोन गोष्टी हटकून दिसतात. तोडीच्या फडातून वाढ्यांचे भारे घराकडे चाललेले असतात, आणि घरच्या कोठ्यात एखादे बरगड्या निघालेले वासरू मान टाकून पडलेले असते. या दोहोंचा एकमेकांशी संबंध आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बपेरा हे बावनथडीकाठचे, धानाचे गाव. तणस घरचे, हंगामात वाढे फुकटचे. गाय गाभण राहिली, दूध आटले, की पहिल्यांदा तिची ढेप बंद होते. “आता दूध देत नाही, तर कशाला?” असा हिशेब. मग तणस आणि वाढे यांवरच तिचे दिवस निघतात. पोट भरलेले दिसते, पण या दोन्हींत प्रथिने थोडी आणि ऑक्झलेट जास्त. हे ऑक्झलेट अंगी लागणारा चुना, म्हणजे कॅल्शियम, बांधून टाकते. पोटातल्या वासराची खरी वाढ शेवटच्या अडीच-तीन महिन्यांत होते, आणि नेमके तेव्हाच आईला उपाशी ठेवल्यासारखे होते. वासरू अशक्त जन्मले की आपण नशिबाला बोल लावतो.

बेणे नऊ-दहा महिन्यांचे, रसरशीत घ्या, म्हणून आम्ही दरवर्षी घसा कोरडा करतो आणि तुम्ही ते ऐकताही. वासरू म्हणजे उद्याच्या गाईचे बेणेच की! उसात नांगी पडली तर रोप लावून भरता येते. कोठ्यातली नांगी भरायची तर बाजारात जाऊन पैसे मोजावे लागतात.

वाढे देऊच नका, असे आम्ही म्हणत नाही. कुट्टी करून द्या, सोबत लाखोळीचे कुटार किंवा हिरवा द्विदल चारा असू द्या. रोज ५० ग्रॅम क्षार मिश्रण द्या, आणि शेवटचे दोन महिने किलो-दीड किलो ढेप व कोंडा चालू ठेवा.

आता चिकाचे. “जार पडू द्या जी, मंग पाहू,” हे वाक्य आम्ही किती कोठ्यांत ऐकले असेल! जार पडायला कधी आठ तास लागतात, कधी बारा. तोवर वासरू उपाशी, आणि नंतर निघालेला चीक निम्मा खरवसाला. बंधूंनो, गाईच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये पोटात असताना वासराला मिळत नाहीत, ती फक्त चिकातून मिळतात. ती शोषून घेण्याची आतड्याची ताकद पहिल्या सहा तासांनंतर झपाट्याने उतरते आणि २४ तासांत जवळजवळ संपते. म्हणून पहिला चीक अर्ध्या-एका तासात, फार तर दोन तासांत पोटात गेलाच पाहिजे. २० किलोच्या वासराला पहिल्या दिवशी २ लिटर. खरवस उरलेल्याचा करा, आम्हालाही आवडतो. आणि गोऱ्हा झाला म्हणून हात आखडू नका.

वासरू उठून आचळाला लागत नसेल तर बाटली. इथेच मोठा घात होतो. बांबूच्या नळकांड्याने किंवा तांब्याने घशात दूध ओतले की ते श्वासनळीत उतरते, आणि दोन दिवसांत फुप्फुसाच्या दाहाने वासरू जाते. आधी स्वच्छ बोट तोंडात घालून पाहा. चोखत असेल तर बूच लावलेली बाटली द्या, मान किंचितच वर ठेवा, वासराला त्याच्या दमाने पिऊ द्या. चोखून प्यालेले दूध थेट चौथ्या पोटात जाते, ते पचते. चोखतच नसेल तर ओतू नका, जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. ते नळीने पोटात चीक सोडतात. दूध अंगाइतके कोमट हवे. अशक्त वासराला पाव-अर्धा लिटर करून दिवसातून चार-पाच वेळा द्यावे. बाटली आणि बूच दर वेळी गरम पाण्याने धुवावे, बाई लेकराची धुते तशीच. खाली कोरडे तणस, अंगावर पोते. पौषातली थंडी अशक्त वासराला भुकेइतकीच मारते. नाळेला टिंक्चर आयोडीन विसरू नका.

हगवण लागली की दूध तोडण्याची रीत आहे, ती मोडा. दूध चालू ठेवा, आणि मधल्या वेळेत उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून पाजा. साखर तर आपल्या घरचीच! रक्त पडले किंवा वासरू थंड पडले तर मात्र दवाखाना.

२० किलोच्या वासराला तीन महिन्यांत फार तर पावणेदोनशे लिटर दूध लागते. ते वाचवले तर कालवड चार वर्षे रेंगाळते. नीट पाजली तर संकरित कालवड अडीच वर्षांच्या आसपास विते. उसाचे बिल वर्षाचे, दुधाचा पैसा आठवडी बाजाराचा. वारणेला तात्यासाहेब कोरे यांनी साखर कारखान्यापाठोपाठ १९६८ साली दूध संघ उभा केला, तो हे ओळखूनच, असे आम्हाला वाटते.

आणखी एक. गटसभेला सभासद येतात, वासराला बाटली धरते ती घरची बाई. तिला आपण कधी बोलावतच नाही. सभा कोठ्यात घ्या, पाहिजे तर आम्ही येतो.

रासायनिक खत उधारीवर देऊन त्याची ऊस बिलातून कपात होते, तशीच सोय क्षार मिश्रणासाठी का नसावी? गटातल्या गाभण गाई-म्हशींची नोंद उसाच्या नोंदीबरोबरच करायला आमचा कर्मचारी वर्ग तयार आहे. सभासदांनी हा विषय वार्षिक सभेपुढे लेखी मांडावा.