मूल बोट दाखवते का?

"अगं, मुलगा आहे, उशिराच बोलणार. त्याचा बापसुद्धा चार वर्षांचा होईपर्यंत मुकाच होता!" हे वाक्य आपल्या वस्त्यांतून ऐकले नाही असा माणूस सापडायचा नाही. सांगणारी आजी मायेनेच सांगते. पण या एका वाक्यावर विसंबून कित्येक मुलांची मोलाची दोन-तीन वर्षे हातची जातात. म्हणून आज ऑटिझमविषयी, म्हणजेच स्वमग्नतेविषयी लिहितो आहे.

स्वमग्नता ही साथ नव्हे, एकाची दुसऱ्याला लागत नाही. मेंदूची घडणच वेगळी असते. त्यामुळे माणसांत मिसळणे, बोलणे, खेळणे यांत फरक पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे शंभर-सव्वाशे माणसांमागे एकाला ती असते. म्हणजे हजार मुलांच्या शाळेत आठ-दहा मुले धरायला हरकत नाही. मुलांमध्ये ती अधिक आढळते. मुलींच्या बाबतीत मात्र "लाजाळू आहे" म्हणून लक्षात यायचे राहून जाते.

बोलणे लांबले की सगळे घर जागे होते. पण खुणा त्याच्या आधीच दिसू लागतात. नऊ महिन्यांचे बाळ नावाने हाक मारली की वळून बघते का? वर्षाचे झाले की टाटा करते का, पदराआड लपून 'बुवा कुक' केले की हसते का? आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, दीड वर्षाचे मूल बोट दाखवते का? बिस्कीट हवे म्हणून बोट दाखवणे वेगळे आणि "आई, तो बघ चांदोबा!" अशा आनंदाने बोट दाखवून तुमच्या तोंडाकडे बघणे वेगळे. दुसरे बोट मूल आपला आनंद तुमच्याशी वाटून घ्यावा म्हणून दाखवते. ते दिसत नसेल तर लक्ष द्या.

सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत "आई ये", "पाणी दे" असे दोन शब्द जोडता येत नाहीत, किंवा येत असलेले बोलणे बंद पडले, तर एक दिवसही थांबू नका. चपला किंवा डब्यांची झाकणे तासन्‌तास ओळीने लावणे, सायकलचे चाक फिरवत बसणे, हात फडफडवणे, चवड्यांवर चालणे, कुकरच्या शिट्टीने कानावर हात ठेवून किंचाळणे, विचारलेला प्रश्नच परत बोलणे याही खुणा आहेत. यातली एखादी खूण दिसली म्हणजे स्वमग्नता आहेच असे नव्हे. पण तीन-चार एकत्र दिसल्या तर तपासणी हवीच.

सदाशिव पेठेत चार घरची धुणीभांडी करणारी एक भगिनी फॉर्म भरून घ्यायला आली होती. अडीच वर्षांच्या मुलाविषयी ती म्हणाली, "त्याला काही हवं असलं की माझं मनगट धरतो आणि माझा हात डब्यावर नेऊन ठेवतो. माझ्याकडे मात्र बघत नाही." ज्या पेठेत १९६२ साली बुद्धिमान मुलांसाठी ज्ञान प्रबोधिनी सुरू झाली, तिथल्या घरांत ती दिवसभर मुलांच्या मार्कांच्या गोष्टी ऐकते आणि आपली काळजी गिळते. शेवटी तिने विचारले, "मी कामाला जाते, म्हणून असं झालं का हो?"

नाही, बाई! एके काळी परदेशातले मोठमोठे डॉक्टरही आईच्या कोरडेपणाला दोष देत. ते साफ चूक ठरले. ग्रहणाने, कुणाच्या नजरेने किंवा लसीनेही हे होत नाही. लसीवर ठपका ठेवणारा विलायतेतला १९९८ चा लेख छापणाऱ्या मासिकानेच २०१० साली मागे घेतला. तेव्हा गोवराची लस चुकवू नका आणि ताईत-दोऱ्यात पैसा व दिवस घालवू नका. स्वमग्नता श्रीमंताच्या घरीही येते. फरक पडतो तो ती कधी ओळखली जाते यात.

१९४३ साली अमेरिकेतले डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा जगाला ही अवस्था नीट कळली. त्यांतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट पुढे बँकेत नोकरीला लागला, मोटार चालवायला शिकला आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी वारला. बँक त्याच्या आजोळच्या माणसांची होती, हे खरे. आपल्या आजोळी बँक नसते. म्हणूनच सरकारी सोयी आपल्याला पाठ हव्यात.

प्रथम कानांची तपासणी करून घ्या, कारण ऐकू न येणारे मूलही हाकेला वळत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. सेविकाताईंना तुमची शंका आधीच सांगून ठेवा. पुण्यात ससूनचा बालरोग विभाग आहे आणि रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात बालविकासाचे केंद्र आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत ते आले. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असेल, तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. 'निरामय' योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमाही मिळतो.

स्वमग्नता मुळापासून घालवणारी गोळी किंवा इंजेक्शन नाही. तसे सांगून पैसे मागणाऱ्यापासून दूर राहा. उपयोग होतो तो वाचा-उपचाराचा, इतर थेरपींचा आणि घरच्या रोजच्या सवयीचा. मोबाइल बाजूला ठेवा, मुलासमोर त्याच्या उंचीला बसा. भाकरी थापताना पिठाचा गोळा त्याच्या हाती द्या, "गोळा" म्हणा आणि त्याने बघेपर्यंत थांबा. आंघोळीला पाणी, तांब्या, साबण अशी नावे रोज घ्या. लहान वयात मेंदू लवकर वळणावर येतो, म्हणून ही घाई.

वाचक मातापित्यांनो, आज संध्याकाळी आपल्या लहानग्याला दारात घेऊन उभे राहा. जाणारी बस, झाडावरचा कावळा बोटाने दाखवा. तो तिकडे बघतो का, स्वतः काही दाखवून तुमच्याकडे वळतो का, ते पाहा. चार-आठ दिवस पाहूनही शंका राहिली, तर शेजारणीला नव्हे, डॉक्टरांना विचारा.