विश्लेषण : डाळिंबाची साल सॉसेजची चव टिकवू शकेल?

हिंजवडी, माण, भूगाव, पिरंगुट… मुळशी तालुक्याच्या पुण्याला लागून असलेल्या पट्ट्यात गृहसंकुले वाढली, तसे दुकानांच्या फ्रीझरमध्ये चिकन सॉसेजही रुळले. खाद्यपदार्थांच्या पाकिटावर ‘नैसर्गिक’ हा शब्द हल्ली चांगला खपतो. मांसात वनस्पतींचे अर्क घालण्यामागे जाहिरातीपलीकडचे विज्ञान आहे, तशाच मर्यादाही आहेत.

चव बिघडते कशी?

सॉसेजसाठी मांस बारीक दळले जाते. त्यात चरबी, हवा आणि मांसातील लोह एकमेकांत मिसळतात. मीठ त्यात भर घालते. चरबीचे ऑक्सिडीकरण सुरू होते आणि जुन्या खोबऱ्यासारखा खवट वास येऊ लागतो. रंगही लालसरचा तपकिरी होतो. कोंबडीच्या चरबीत असंतृप्त मेदाम्ले जास्त, त्यामुळे ती लवकर खवटते. फ्रीझर हा वेग कमी करतो, थांबवत नाही. म्हणून बीएचए, बीएचटी ही कृत्रिम द्रव्ये वापरली जात आली. वनस्पतींतील पॉलिफेनॉल हेच काम करतात.

डाळिंबच का?

हैदराबादच्या राष्ट्रीय मांस संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी २००८मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शिजवलेल्या चिकन पॅटीमध्ये डाळिंबाच्या सालीचा अर्क वापरला. खवटपणा रोखण्यात तो बीएचटीपेक्षा सरस ठरला आणि चाखणाऱ्यांना चवीत फरक जाणवला नाही. डाळिंब उत्पादनात महाराष्ट्र देशात आघाडीवर आहे आणि रस काढल्यावर साल उरतेच. युरोपीय महासंघाने रोझमेरीच्या अर्काला तर २०१०मध्येच मान्यता दिली. गोव्याच्या चोरिसमध्ये लसूण, मिरची, मिरी आणि माडाचा व्हिनेगर पिढ्यान्‌पिढ्या पडतो, तोही केवळ चवीसाठी नाही.

मुळशीच्या डोंगरात करवंद-जांभळांना तोटा नाही, मग त्यांचाच अर्क का नको? अडचण सातत्याची. जमीन, पाऊस, फळाची पक्वता बदलली की पॉलिफेनॉलचे प्रमाण बदलते. कारखान्याला मात्र प्रत्येक खेप सारखी हवी. शिवाय अर्क जास्त झाला की तुरटपणा येतो, जांभळाने तर रंगही बदलतो. खवटपणा टाळण्यासाठी घातलेला अर्कच चव बिघडवू शकतो.

मग नायट्राइट हटवता येईल?

इथे सावधगिरी हवी. नायट्राइट सॉसेजला गुलाबी रंग आणि ओळखीची चव देतेच. शिवाय घातक विष तयार करणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूला रोखते. खवटपणा थांबवणारा अर्क हे दुसरे काम करेलच असे नाही. दुसरीकडे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक गटात टाकले; रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा तिचा अंदाज. युरोपने २०२३मध्ये नायट्राइटच्या मर्यादा आणखी कमी केल्या.

यातून काही उत्पादकांनी सेलरीच्या भुकटीची वाट काढली. सेलरीत नायट्रेट असते आणि जिवाणूंच्या मदतीने त्याचे नायट्राइट होते. म्हणजे रसायन तेच, उगम तेवढा भाजीचा! सोडियम नायट्राइट थेट वापरले असेल तर घटकांच्या यादीत त्याचा २५० हा क्रमांक दिसतो. सेलरीच्या वाटेने आलेले नायट्राइट तसे दिसत नाही.