सोफा कुणासाठी?

बालमित्रांनो,

आमचा डोंबिवलीचा हॉल लहान. शेजारची इमारत इतकी जवळ, की भरदुपारी दिवा लावावा लागतो. जुना सोफा मोडकळीला आला, म्हणून आम्ही सगळे उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात गेलो. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळालं. शून्यातून उभं राहिलेलं गाव ते!

आमच्या चिरंजीवांना गडद चॉकलेटी, मऊमऊ सोफा आवडला. "आजी, बसून बघ ना!"

सासूबाई बसल्या त्या रुतल्याच! दोघांनी हात धरून उठवलं. आम्ही हसलो. त्या हळूच म्हणाल्या, "घ्या हाच. मी आपली आत खाटेवर बसेन."

हसू कुठल्या कुठे पळालं.

बैठक खोल रुतली, की गुडघे कमरेच्या वर जातात आणि उठताना त्यांच्यावर फार जोर पडतो. बैठकीची उंची साधारण गुडघ्यामागच्या खळगीइतकी हवी, पाय जमिनीला टेकायला हवेत. चिरंजीवांनीच मग टेप मागून आजीचं माप घेतलं. घट्ट बैठकीचा, हात असलेला सोफा ठरला. रंग बदामी, पडदे फिकट पिवळे. गडद रंग उजेड शोषतो, फिकट रंग परत फेकतो. हॉल खरंच उजळला!

तुमच्या घरी कोण 'आत' बसतं? आज टेप घ्या नि मोजा बरं!

तुमच्या,
बाई