‘बाजार पडला’ म्हणजे पाडला कोणी?



कापूस वेचून घरात आला की दोन शब्द कानावर येतात : “बाजार पडला.” व्यापारी म्हणतो, अडत्या म्हणतो, वर्तमानपत्र छापते आणि शेवटी आपणही तेच म्हणू लागतो. पाऊस पडला, भिंत पडली, तसा बाजार पडला! पाडणारा कोण हे विचारायचे कुणाला सुचत नाही. म्हणून आज या शब्दाचीच झडती घेऊ.

‘बाजार’ फारसीतून आला. अर्थ साधा : खरेदी-विक्रीची जागा. आपला ‘हाट’ संस्कृत ‘हट्ट’पासूनचा. ठरल्या वारी चार गावांची माणसे जमतात, माल समोर, घेणारा समोर. ‘पेठ’ दक्षिणेकडची; कानडीत पेटे, तमिळात पेट्टै. पेठ आपोआप उगवत नाही, ती कुणीतरी वसवतो, आणि वसवणारा आपला वाटा घेतो.

‘मंडी’ आणखी बोलका शब्द आहे. भाषेचे जाणकार तो ‘मंडपिका’पर्यंत नेतात. मंडपिका म्हणजे जकात वसूल करण्याचा मांडव. म्हणजे माल विकायच्या आधीच तिथे राजाचा हात पुढे आलेला असे! ‘गंज’ म्हणजे खजिना, कोठार. उत्तरेत गावोगावच्या बाजारांना गंज म्हणतात. आपल्याकडे मात्र उरली ती कडब्याची गंजी. खजिना त्यांच्याकडे, कडबा आपल्याकडे.

आणि सरकारी शब्द कोणता? ‘पणन’. शेतकी कॉलेजात हा विषय शिकवतात, शब्दाचा अर्थ कुणी सांगत नाही. संस्कृतात ‘पण्’ धातूचे दोन अर्थ आहेत : देवघेव करणे आणि जुगारात डाव लावणे. ‘पणाला लावणे’ हे त्याच घरातले. कोरडवाहू शेतकऱ्याला हा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. जूनमध्ये बियाणे मातीत टाकतो तेव्हा घरदार पणाला लावूनच टाकतो.

हे लिहितो आहे सिद्धगडाच्या पायथ्याच्या मुलखातून. इथे भात आणि नाचणी, तुमच्याकडे कापूस आणि ज्वारी, गाऱ्हाणे एकच. याच मुरबाड तालुक्यात नाणेघाट आहे. कल्याण बंदराचा माल सातवाहनांच्या काळी याच वाटेने जुन्नरला चढे. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. तो जकातीचा, असे लोक सांगत आले. याच तालुक्यात पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते. तिथे बैल घेणारा दात बघतो, चालवून बघतो, विकणारा नको म्हणून दावे सोडवून परतही जातो. सौदा मोडायची मोकळीक दोघांनाही आहे. याला बाजार म्हणतात.

आता कापसाचे बघा. देशातली पहिली नियंत्रित बाजारपेठ म्हणून वऱ्हाडातल्या कारंजाचे नाव घेतात, साल 1886. 1897 साली वऱ्हाडात कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. हेतू काय? इंग्लंडच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस वाजवी भावात मिळावा. वाजवी कुणाला? गिरणीला! पुढे 1963 साली महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा आला. उपरण्याखाली बोटे धरून होणारे चोरटे सौदे बंद होऊन उघडा लिलाव व्हावा, माप खरे व्हावे, हे त्यातले चांगले. पण मांडवाखालची वसुली सुटली नाही. हमाली, तोलाई, कडता ही त्या जुन्या जकातीचीच नातवंडे.

आणि ताजे उदाहरण घ्या. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्र सरकारने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले. मुदत आधी सप्टेंबरअखेरची, नंतर डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. म्हणजे आपली वेचणी सुरू असताना परदेशी गाठींना दार सताड उघडे. त्या हंगामात मध्यम धाग्याचा हमीभाव 7,710 रुपये आणि लांब धाग्याचा 8,110. सीसीआयच्या केंद्रावर पूर्ण भाव 8 टक्क्यांपर्यंतच्या ओलाव्याला. 12 च्या वर माल परत. भाव दिल्लीत ठरला, शुल्क दिल्लीत उठले, ओलावा केंद्रावरच्या यंत्राने ठरवला. यात ‘बाजार’ कुठे आहे? ज्या निर्णयावर सही आहे, तारीख आहे, तो निर्णय आहे. त्याला बाजार म्हणणे म्हणजे सही करणाऱ्याला लपवणे.

कुणी म्हणेल, शब्दांचा कीस पाडून भाव वाढतो का? नाही वाढत. पण ज्याचे नाव घेता येत नाही त्याच्याशी भांडताही येत नाही. ‘बाजारात तुरी, भट भटणीला मारी’ तसे आपण घरात एकमेकांवर चिडतो, आणि तुरीचा भाव पाडणारा सुखाने झोपतो.

म्हणून जिल्हा बैठकीला येताना तीन गोष्टी करून या. एक, गावच्या ठरावात ‘बाजार पडला’ असे लिहू नका. कुणी, केव्हा, कोणत्या हुकमाने पाडला ते लिहा. दोन, विकलेल्या मालाची हिशेबपट्टी घेऊन या. एकेक कपात सर्वांसमोर वाचू. तीन, ज्वारी थांबवून विकता येते, कापूस घरात थांबला की वाळून वजन घटते आणि आगीची धास्ती वेगळीच. तेव्हा गावात कोठार कुठे होईल, तारण किती मिळेल, याची माहिती काढा. कर्जत-मुरबाडच्या या डोंगरांत 2 जानेवारी 1943 रोजी हुतात्मा झालेल्या भाई कोतवालांनी शेतकऱ्यांसाठी धान्याच्या कोठ्या उभ्या केल्या होत्या. कोठी हाताशी असेल तर ‘नाही विकत’ म्हणता येते.

आणि ‘नाही’ म्हणता येते तोच बाजार. बाकी सगळी जकात.