परिपाठ सर्वांचा, उपासना संमतीने

अन्य धर्मीय मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नयेत, रोजच्या परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणावी, आवारात जमल्यास सर्वधर्म प्रार्थनालय असावे, अशा सूचना भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने एप्रिल 2024 मध्ये आपल्या शाळांना दिल्या. त्या फायलीला लावणे सोपे होते. उपासनेसाठी पालकांची संमती विचारणारा रकाना प्रवेश अर्जात घालण्याचे काम मात्र अनेक कार्यालयांत अजून व्हायचे आहे.

हे काम किती निकडीचे आहे, ते जुलै 2023 मध्ये तळेगाव दाभाड्याने दाखवले. तिथल्या एका शाळेत म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेवर आक्षेप घेऊन जमाव आत शिरला आणि मुख्याध्यापकांना मारहाण झाली. ती शाळा ख्रिस्ती संस्थेची नव्हती. मारहाणीचे समर्थन कोणीच करू शकत नाही, पण अशा वेळी मुख्याध्यापकाच्या हाती पालकाच्या सहीचा कागद असायलाच हवा.

संविधानाचे कलम 30 अल्पसंख्याकांना शाळा चालवण्याचा हक्क देते. कलम 28(3) म्हणते, की शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला लावता येत नाही आणि उपासनेला हजर राहायलाही लावता येत नाही. मूल अज्ञान असेल तर संमती पालकाची. इथेच बहुतेकांची गल्लत होते. ‘म्हणू नकोस, नुसता उभा राहा’ एवढ्याने भागत नाही, कारण कलमात हजेरीचाही उल्लेख आहे. शिवाय ‘आमची शाळा विनाअनुदानित आहे’ ही सबबही चालत नाही. मान्यता घेतली, की कलम लागू झाले.

भुसावळ-वरणगाव पट्ट्यात हा प्रश्न रोजचा आहे. रेल्वे जंक्शन, दीपनगरचे औष्णिक केंद्र, भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणी यांमुळे देशभरातली कुटुंबे इथे आली. त्यांत कॅथलिक थोडे. इथल्या कॉन्व्हेंटच्या वर्गात पाटील, चौधरी, शेख आणि तडवी एकाच बाकावर बसतात. वरणगावच्या निर्माणी वसाहतीत केंद्रीय विद्यालय आहे. केंद्रीय विद्यालयांतल्या सकाळच्या प्रार्थनेला आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि जानेवारी 2019 मध्ये दोन न्यायमूर्तींनी ती मोठ्या पीठाकडे सोपवण्यासाठी पाठवली. आपल्या मुलाला तिथे सक्ती नको असे एखाद्या कॅथलिक कामगाराला वाटत असेल, तर कॉन्व्हेंटमधल्या हिंदू किंवा मुस्लिम पालकाचे म्हणणे त्याला लगेच कळेल.

आता वेळेचे गणित. पहिली ते चौथीचे वर्ग नऊच्या आत भरवू नयेत, हा फेब्रुवारी 2024 चा शासन निर्णय. राष्ट्रगीत 52 सेकंदांचे. फेब्रुवारी 2023 पासून त्याच्या जोडीला 1 मिनिट 41 सेकंदांचे राज्यगीत. मग प्रतिज्ञा, उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा. काय काय म्हणायचे हे मंत्रालय सांगते. पहिलीचे पोर एप्रिलच्या उन्हात मैदानावर किती वेळ उभे राहील, याचा हिशेब मात्र मुख्याध्यापकाने करायचा. केंद्रप्रमुख येतात, परिपाठाची वही तपासतात, सही करून जातात. ही यादी आवरती घ्या, असे वर कळवण्याची तसदी त्यांनी आता घ्यावी.

या घाईत कॅथलिक प्रार्थना दोन ओळींची होते. अन्य धर्मीय पालकाला तीही खटकते आणि कॅथलिक मुलाला त्यातून काही मिळत नाही. दोन्हीकडून नुकसानच. व्हॅटिकनच्या शिक्षण विभागाने 1988 सालीच बजावले होते, की कॅथलिक शाळेत अन्य धर्मीय विद्यार्थ्यांच्या धर्मस्वातंत्र्याचा मान राखला पाहिजे, मात्र शाळेने आपली श्रद्धा मांडण्याचे स्वातंत्र्यही सोडू नये. याचा अर्थ उपासना कमी करा असा नाही. तिला स्वतंत्र आणि पुरेसा वेळ द्या, असा आहे. परिपाठात कोणालाही म्हणता येईल अशी प्रार्थना आणि मिनिटभर मौन असावे. पहिल्या शुक्रवारची मिस्सा, ऑक्टोबरातली रोजरी, उपवासकाळातला क्रुसाचा मार्ग आणि पहिल्या कम्युनियनची तयारी धर्मशिक्षणाच्या तासाला किंवा शाळा सुटल्यावर चॅपलमध्ये नीट व्हावी. त्या तासाला बाकीच्यांचे मूल्यशिक्षण असतेच. तो तास गणिताच्या सरावाला देणाऱ्या शाळांनी ही सवय सोडावी.

मुख्याध्यापकांनो, सिस्टरांनो, प्रवेश अर्जात धर्म आणि जात यांचे रकाने आहेत, त्याखाली आणखी एक रकाना घाला: ‘माझ्या पाल्याने शाळेतील ख्रिस्ती उपासनेला हजर राहण्यास माझी संमती आहे / नाही.’ मजकूर मराठीत ठेवा, उर्दू वाचणाऱ्या पालकांसाठी उर्दूतही. ‘नाही’वर खूण करणाऱ्या पालकाला कारण विचारू नका आणि त्याच्या मुलाला वर्गात वेगळे पाडू नका. संमती कधीही मागे घेता येईल, हे अर्जावरच छापा. जुन्या विद्यार्थ्यांच्या पालकांकडूनही या सह्या घ्या आणि शाळा उघडल्यावर पालक-शिक्षक संघाच्या पहिल्याच सभेत हा विषय क्रमांक एकवर ठेवा. यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांच्या पत्राची वाट पाहण्याचे कारण नाही.